उताराच्या तळची वाइन

माझी मुलगी वाइन करते. इंग्लंडच्या दक्षिणेला, खडूसारख्या पांढऱ्या मातीच्या एका उतारावर, जिथे ऊन पाहुण्यासारखं येतं आणि पाऊस घरच्यासारखा राहतो, तिथे ती द्राक्षं वाढवते, तोडते, पिळते आणि त्यांच्या रसाचं पुढे काय होतं, याकडे महिनोन्‌महिने नाक लावून बसते. हे सगळं मी आता सरळ आवाजात सांगते. पूर्वी सांगत नव्हते. ओहायोतल्या आमच्या डब्लिनमध्ये मराठी घरं पुष्कळ. हळदीकुंकवाला, डोहाळजेवणाला मुलांची चौकशी होतेच. "लेक काय करते हो तुमची?" या प्रश्नाला माझं उत्तर ठरलेलं होतं : फूड टेक्नॉलॉजीत आहे. विचारणाऱ्या काकू समाधानानं मान डोलवत आणि बोलणं कुणाच्या तरी ग्रीन कार्डाकडे वळे. मी पुण्यात कविता शिकले, पुढे शिकवली. एका शब्दाच्या जागी त्याच्या जवळपासचा दुसरा चालतो, असं मला कधी वाटलं नाही. आपल्या मुलीच्या बाबतीत मात्र मी वर्षानुवर्षं जवळपासच्या शब्दावर भागवत होते.

यंदा एप्रिलमध्ये ती दहा दिवसांसाठी घरी आली, तेव्हा बॅगेत कपड्यांपेक्षा बाटल्या जड होत्या. लोकरीच्या स्वेटरांत गुंडाळलेल्या सहा बाटल्या. त्यांवर अजून लेबलं नव्हती. प्रत्येकीच्या गळ्यात दोऱ्यानं बांधलेली पुठ्ठ्याची एक चिठ्ठी आणि तिच्यावर माझ्या मुलीचं तिरकं, घाईचं अक्षर. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिनं त्या एकेक करून उभ्या केल्या. खिडकीतून आलेल्या उन्हात आतला रंग दिसला. पिवळा म्हणावा तर पिवळा नाही. कोवळ्या दुधी भोपळ्याची साल पाण्यात धुतल्यावर त्या पाण्याला जी हिरवट झाक यावी, तेवढाच.

तिनं मला सगळं समजावून सांगितलं. ती ज्यांच्याकडे काम करते त्या मळ्यात फेसाळणारी वाइन होते. त्या भागाची ख्याती त्या वाइनमुळेच. पण उताराच्या अगदी तळाशी, जिथे थंड हवा साचून राहते आणि वसंतातलं गोठलेलं दव वेलींचे कोंब जाळून टाकतं, तिथे बॅकस नावाच्या द्राक्षाच्या काही ओळी होत्या. त्यांच्याकडे कुणाचं फारसं लक्ष नसे. तिनं त्या मागून घेतल्या. त्यांची वेगळी वाइन करून पाहते म्हणाली. फेस नसलेली, शांत आणि पूर्ण ड्राय. ड्राय म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलं. द्राक्षातली सगळी साखर यीस्टनं खाऊन संपवू द्यायची, शेवटच्या कणापर्यंत, मागे गोडवा उरू द्यायचा नाही. मालकांनी तिला स्टीलची एक टाकी दिली आणि एक अट घातली. उन्हाळ्यापर्यंत तिनं दाखवून द्यायचं, की या वाइनला मळ्याच्या फाटकाबाहेर घेणारं कुणी आहे. नसेल, तर पुढच्या हंगामापासून तळच्या ओळी बाकीच्या द्राक्षांत मिसळल्या जातील आणि ती पुन्हा आधीसारखी दुसऱ्यांच्या टाक्या धुईल. तिनं पत्रं पाठवली. उत्तर एकच आलं, शिकागोहून. परदेशी वाइन आणून अमेरिकेतल्या रेस्टॉरंटांना पुरवणाऱ्या एका बाईंचं. कामानिमित्त कोलंबसला येणार आहे, तासभर देऊ शकते, असं त्यांनी कळवलं होतं.

तिच्या बाबांनी बाटल्या गराजमधल्या जुन्या फ्रिजमध्ये नेऊन ठेवल्या, इडलीच्या पिठाच्या पातेल्याशेजारी. "दोन्ही आंबवलेलंच आहे," ते म्हणाले, "एकमेकांना समजून घेतील." आमच्या घरात दारूचा थेंब कधी आला नव्हता, याचा त्यांना थोडा अभिमान होता, आणि तो त्यांनी एका वाक्यात सोडून दिला : "आली ती एकदम सहा बाटल्या, आणि आणली कुणी, तर पोटच्या पोरीनं." ती हसली. मग कुणाचं लक्ष नाही असं पाहून तिनं पीठ वरच्या कप्प्यात हलवलं.

भेट कुठे ठेवायची, यावरून आमची दोघींची थोडी कुरबुर झाली. तिच्या मनात डाउनटाउनमधलं एक शांत रेस्टॉरंट होतं. दुपारी रिकामं असतं, ग्लास चांगले असतात. मी ते हाणून पाडलं. आपल्या कामासाठी इतक्या लांबून माणूस येतो आणि आपण त्याला हॉटेलात बोलावतो, हे मला पटेना. घर असताना बाहेर का? ती दोनदा नाही म्हणाली. तिसऱ्यांदा तिनं खांदे उडवले आणि "फाइन, आई, घरी," म्हणाली. मी जिंकले म्हणून मला आनंद झाला.

त्या दिवशी सकाळी ती बर्फ आणि नवे ग्लास आणायला बाहेर पडली आणि मी पाहुण्यांसाठी घर सजवायला घेतलं. आपल्याकडे पाहुणा दारात यायच्या आधी त्याच्या स्वागताला सुगंध पोचलेला असतो. मला तसंच शिकवलेलं आहे. देवापुढे चंदनाची उदबत्ती लावली. दिवाणखान्यात धूप फिरवला, पडद्यांच्या घडीघडीत जाईल असा. कोथिंबिरीच्या वड्या वाफवून तळल्या, बटाट्याच्या भाजीवर हिंग-मोहरीची फोडणी दिली, वेलदोडा कुटून श्रीखंडात घातला. न्हायलेले केस मोकळे सोडले, मनगटांना खसाचं अत्तर लावलं आणि ठेवणीतली साडी नेसले. मग सोफ्यावर बसून, डोळे मिटून, माझ्याच घराचा श्वास घेतला. इतकं सुंदर ते कधीच दरवळलं नव्हतं.

दार उघडून ती आत आली आणि उंबऱ्यातच थांबली. हातातली बर्फाची पिशवी तिनं खाली ठेवली नाही. क्षणभर वाटलं, ती भारावून गेली आहे.

"आई," ती म्हणाली, "हे काय केलंस?"

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता, तर बरं वाटलं असतं. वाइनचा वास तिच्या चवीच्या आधी घेतात, आणि ही वाइन तर जवळजवळ वासावरच उभी आहे, इतकी हलकी की शेजारी कुणी साबणानं हात धुऊन बसलं तरी ती झाकली जाते. हे तिनं मला आल्या दिवशीच सांगितलं होतं. मी ते ऐकलंही होतं. पण पाहुणा येणार म्हटल्यावर माझे हात माझं ऐकत नाहीत. मी खिडक्या उघडायला धावले. तिनं मान हलवली. धूप पडद्यांत बसला होता. तो संध्याकाळपर्यंत हलणार नव्हता. बाई पोहोचायला अर्धा तास उरला होता.

तिनं फोन हातात घेतला, बहुधा रेस्टॉरंटला करण्यासाठी, आणि परत खिशात टाकला. मग ती घराभोवती फिरू लागली. मी तिच्या मागे. गराजचं दार वर केलं : गवत कापायच्या यंत्रातलं पेट्रोल आणि तांदळाची पोती. पुढच्या अंगणात गेली. एप्रिल लागला की आमच्या गल्लीतलं प्रत्येक घर झाडांच्या बुंध्याशी लाकडाचा नवा भुगा पसरतं, आणि महिनाभर सगळ्या गल्लीला ओल्या, आंबूस लाकडाचा वास येतो. तिथेही नाही. शेवटी घरामागच्या लाकडी डेकवर, कोपऱ्यात, मेपलच्या झाडाखाली ती उभी राहिली. वर ढगाळ, पांढरट आकाश. वारा नव्हता. थंडी मात्र बोटांना चावत होती. तिनं मान किंचित वर केली, तोंड मिटून घेतलं आणि तीनदा, थांबून थांबून, श्वास घेतला.

मी तिच्याकडे पाहत राहिले. हे उभं राहणं माझं होतं. माझ्या आईचं होतं. आमच्याकडे सणाचा स्वयंपाक देवाला दाखवल्याशिवाय कुणी चाखत नाही. चमच्याच्या टोकाएवढाही नाही. मग आमटीत मीठ आहे की राहिलं, पुरणात गूळ पुरेसा पडला की नाही, हे कळायचं कसं? वाफेवरून. ताटली बाजूला सारून, मान थोडी वर करून, तोंड मिटून. डब्लिनच्या घरात मी हे करायचे तेव्हा पाच-सहा वर्षांची ही स्टुलावर उभी राहून माझ्यासारखंच करायची. एका गौरीच्या जेवणाला ती म्हणाली होती, "आई, इट स्मेल्स एम्प्टी." मीठ राहिलं होतं. त्यानंतर दर सणाला आमच्या घरात मीठ तिनं तपासलं, आणि मला आठवतं तसं, ती एकदाही चुकली नाही.

"इथे," ती म्हणाली. घडीचं टेबल बाहेर आलं, खुर्च्या आल्या. तिच्या बाबांनी विचारलं, थंडीत कुडकुडत पाहुणचार करायची ही इंग्लंडची पद्धत आहे का. मला तिनं अंघोळीला पाठवलं, नुसत्या पाण्यानं, आणि परत आल्यावर स्वतःचा मळ्यातला कोट माझ्या अंगावर चढवला. त्याला कशाचाही वास नव्हता. पुष्कळ पाऊस पिऊन वाळलेल्या लोकरीचा असावा, इतकाच. "तू त्या टोकाला बस," तिनं सांगितलं. "आणि प्लीज, काही खायला आणू नकोस. मी सांगेपर्यंत."

शिकागोच्या बाई साठीच्या आसपास असाव्यात. आखूड पांढरे केस, अंगावर एकही दागिना नाही. घरातून डेककडे जाताना त्या दिवाणखान्यात क्षणभर थबकल्या, एक खोल श्वास घेतला आणि पुढे निघाल्या. माझी ओळख करून देताना माझी लेक इंग्रजीत म्हणाली, "ही माझी आई. हिच्या मते मी फूड टेक्नॉलॉजीत आहे." मला वाटलं होतं, हे तिला माहीत नाही. बाई हसल्या. माझे कान तापले. ती मात्र तोवर बूच काढायला वाकली होती.

पुढचा अर्धा तास जवळजवळ शब्दांवाचून गेला. ग्लासात तळाला दोन बोटं वाइन. बाईंनी ती फिरवली, नाक आत नेलं, बाहेर काढलं, पुन्हा नेलं. एक घोट तोंडात खेळवून शेजारच्या भांड्यात थुंकला. दुसरी बाटली. पुन्हा पहिली. वहीत एखादा शब्द. मी कवितावाचनाला बसलेली आहे, पण कुठल्याशा परक्या भाषेतल्या, असं मला वाटत होतं : ओळीनंतरचा थांबा कळत होता, ओळ कळत नव्हती. मुलीचे हात टेबलाखाली होते. एका हाताचा अंगठा दुसऱ्या हाताच्या तळव्यावर सारखा घासत होता. ते हात मी इतक्या जवळून पुष्कळ दिवसांत पाहिले नव्हते. नखांच्या कडा काळसर झालेल्या, बोटांवर कात्रीनं पडलेले घट्टे, एका बोटाला जुना, पांढरा पडलेला चरा.

मग बाईंनी पेन खाली ठेवलं आणि सावकाश बोलायला लागल्या. वाइन स्वच्छ आहे, म्हणाल्या. तुझं नाक चांगलं आहे. पण ती धारदार आहे, फार धारदार; त्यांच्या गिऱ्हाइकांना इतकी धार सोसत नाही. त्यांचं म्हणणं असं, की पुढच्या हंगामात तिनं यीस्टला थोडं आधी थांबवावं. किंचित साखर मागे ठेवावी. कुणाला गोड वाटणारही नाही, नुसत्या कडा गोल होतील. तसं करायची तयारी असेल, तर या वर्षीची सगळी टाकी त्या आत्ताच घेतील आणि पुढच्या वर्षीचीही.

माझ्या मनानं तत्काळ होकार दिला. तिची अट पुरी होत होती. मालकांना दाखवायला हवं होतं ते गिऱ्हाईक समोर बसून, स्वतःच्या तोंडानं बोलत होतं. चिमूटभर साखर. आमच्या आमट्यांतही गुळाचा खडा पडतोच की. मी तिच्याकडे पाहत होते, हो म्हण, हो म्हण.

तिनं अंगठा थांबवला. हात टेबलावर आणले.

"या द्राक्षांना तिथे फार कमी ऊन मिळतं," ती म्हणाली. "पिकेपर्यंत ऑक्टोबर उजाडतो, आणि जेमतेम पिकतात. ती धार त्यांनी थंडीत कमावलेली आहे. मी साखर ठेवली, तर ती छान लागेल, पण मग ती कुठलीही वाइन होईल. तुम्ही ती दुसऱ्या कुणाकडूनही घेऊ शकता." मग, अगदी सौम्यपणे : "आय ॲम सॉरी. आय कान्ट."

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. मीही. माझ्या पाठीचा कणा, नकळत, ताठ होत गेला होता. शब्द बदलला तर कविता जाते, हे मी आयुष्यभर वर्गांतून सांगितलं. माझ्यावर वेळ आली तेव्हा हळदीकुंकवाच्या गर्दीत मी सोपा शब्द निवडला. आणि ही मुलगी, जिला धड मराठीत पत्र लिहिता येत नाही, सगळं हातचं जाताना दिसत असूनही आपल्या शब्दावरून हलली नाही. हे तिला मी शिकवलं, असं म्हणायची मला फार इच्छा आहे. पण ते खरं नाही. ते तिनं तिथे, थंडीत, एकटीनं कमावलेलं होतं.

"असा वास घ्यायला कुणाकडून शिकलीस?" बाईंनी विचारलं.

तिनं माझ्याकडे बोट केलं. मग देवाच्या आधी न चाखण्याची रीत तिनं इंग्रजीत सांगितली, स्टूल, वाफ आणि रिकामा वास येणारी आमटी यांसकट. मी इतकी नीट सांगू शकले नसते. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, की मघापासून आतून जे काही दरवळतं आहे, ते आणायला आता हरकत नाही. त्यांचं काम झालेलं आहे.

मी वड्या गरम करून आणल्या. थंडीत त्यांच्यातून वाफ निघत होती. बाईंनी एक खाल्ली, वर वाइनचा घोट घेतला, या वेळी थुंकला नाही. दुसरी खाल्ली. माझ्या मुलीकडे पाहिलं, मग ग्लासाकडे. काही चमत्कार झाला नाही. त्यांचं मत बदललं नाही. धारदार आहे, असं त्या पुन्हा म्हणाल्या. पण निघताना, गाडीपाशी उभ्या राहून, त्यांनी अर्धी टाकी मागितली, आहे तशी. समुद्रातलं खाणं वाढणाऱ्या दोन-तीन जागा त्यांच्या डोळ्यांसमोर होत्या. पुढच्या वर्षाचं त्या काही बोलल्या नाहीत.

अर्धी टाकी म्हणजे पूर्ण नव्हे. मालक काय म्हणतील, ते तिला ठाऊक नव्हतं. तिनं तशीच्या तशी हकिकत लिहून पाठवली. साखरेला नाही म्हटल्याचंही लपवलं नाही. मग आम्ही दोघी डेकवरच्या खुर्च्यांत बसलो आणि तिनं उरलेल्या बाटलीतली थोडी माझ्यासाठी ओतली. घ्यायलाच हवी, असं नाही, म्हणाली.

मी आधी वास घेतला. सवयीनं, तोंड मिटून. कैरी सोलताना देठाशी चीक निघतो तिथला हिरवा वास; कसलीशी पांढरी, बारीक फुलं, जी मला ओळखता आली नाहीत; पावसात धुतलेली पाटी. मग घोट घेतला. आधी नुसती थंडी जाणवली. नंतर जिभेच्या दोन्ही कडा एकदम जाग्या झाल्या, आवळा चावल्यावर होतात तशा, आणि तोंडभर पाणी सुटलं. मी गोडव्याची वाट पाहिली; तो आला नाही. त्याच्या जागी काहीतरी लांबत गेलं, एक सरळ, स्वच्छ रेघ, आणि कितीतरी वेळानं पुसट झाली. मला ती आवडली, असं मी लगेच म्हणणार नाही. तिच्याबद्दल मला आदर वाटला.

"रिकामी नाही," मी म्हटलं.

तिचे डोळे भरून आले. मग तिनं नाक पुसलं आणि म्हणाली, थंडीमुळे.

उत्तर चौथ्या दिवशी आलं, ती बॅग भरत असताना. ते लांबलचक नव्हतं. मालकांनी लिहिलं होतं, की अर्ध्या टाकीनं अट पुरी होत नाही. पण ज्या बाईंनी वाइन बदलायला सांगितली त्यांनीच ती न बदलता घेतली, याला त्यांच्या हिशेबी काही अर्थ आहे. तळच्या ओळी आणखी एक हंगाम तिच्याकडे राहतील. मजूर मात्र जास्तीचे मिळणार नाहीत. तोडणी तिनं आपली आपण निभवावी.

तिनं ते मला दोनदा वाचून दाखवलं. पलंगाच्या कडेवर बसली, स्वेटरची घडी मांडीवर तशीच. तिच्या बाबांनी दारातून विचारलं, म्हणजे पास का नापास? ती म्हणाली, "पास, बाबा. एटीकेटी." हा शब्द त्यांनीच तिला शिकवला होता. ते इतके हसले की त्यांना भिंतीला टेकावं लागलं.

"ऑक्टोबरमध्ये येशील?" तिनं मला विचारलं. "दोन आठवडे. घड कापायचे, वाईट मणी काढून टाकायचे. पाठ दुखते. सकाळी हात बधिर होतात."

हे विनंतीसारखं नव्हतं. एक कारागीर दुसऱ्याला विचारतो, तसं होतं. मी हो म्हटलं आणि विचारलं, तिथे पायांत काय घालतात.

"गमबूट," ती म्हणाली. "तिथेच घेऊ. आणि आई, अत्तर घरी ठेवून ये."